नावांची मुळे (लेखांक ९) : बोगदान

बोगदान हे नाव पहिल्या खेपेस कानी पडले म्हणजे मराठी माणसाला खंडाळ्याच्या घाटातील बोगदा आठवावा, यात नवल नाही. परंतु पोलंडपासून बल्गेरियापर्यंत पसरलेल्या स्लाव लोकांत शतकानुशतके चालत आलेले हे पुरुषनाम अर्थाने आपल्या देवदत्ताचे सख्खे भावंड आहे. ‘बोग’ म्हणजे देव. आणि ‘दान’ म्हणजे, येथे वाचकाने किंचित सावध असावे, ‘दिलेला’. आपल्या ‘दाना’शी त्याचा धातू एक असला, तरी व्याकरणाने त्याची जागा ‘दत्त’ या शब्दाशेजारी आहे.

खरी गोडी आहे ती पूर्वपदात. संस्कृत ‘भग’, प्राचीन इराणी ‘बग’ आणि स्लाव ‘बोग’ हे एकाच कुळातील शब्द होत. स्लावांकडे हा शब्द वडिलोपार्जित आला की इराणी शेजाऱ्यांकडून उसना आला, हा कज्जा भाषापंडितांच्या दरबारात अद्याप निकालात निघालेला नाही. मला मात्र त्या कज्ज्यापेक्षा अर्थाची साक्ष अधिक मोलाची वाटते. ‘भज्’ म्हणजे वाटून देणे; त्यावरून भग म्हणजे वाट्याला आलेले भाग्य, आणि ते वाटणारा आदित्यही भगच, ज्याला ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील 41 व्या सूक्तात वसिष्ठ प्रातःकाळी धनधान्यासाठी आळवतो. रशियन भाषेत आजही ‘बोगाती’ म्हणजे श्रीमंत आणि ‘उबोगी’ म्हणजे दीन, अर्थात वाट्यास मुकलेला. तेव्हा या लोकांच्या पूर्वजांनी देवाला प्रथम ओळखले ते वाटप करणारा म्हणून, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. ज्या फारसी ‘बख्श’वरून आपल्याकडे बक्षीस आले आणि खुदाबक्ष हे नाव रूढ झाले, तोही याच धातूचा वंशज. इतकेच काय, बगदाद या नगरनामाचा अर्थही बहुतेक अभ्यासक ‘देवाने दिलेले’ असाच लावतात!

ग्रीक ‘थिओडोटोस’ या नावाचे हे भाषांतर असावे, असे काहींचे मत आहे. ते खरे मानले तरी शब्द स्लावांचेच राहतात, आणि ख्रिस्ती धर्मपीठाच्या बाप्तिस्म्याच्या नावापुढेही हे घरगुती नाव टिकून राहिले, याचा ठळक दाखला युक्रेनमध्ये सापडतो. 1648 मध्ये पोलंडच्या राजसत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या कोसॅक सरदार ख्मेल्नित्स्कीचे बाप्तिस्म्याचे नाव झिनोवी होते; इतिहास त्याला ओळखतो तो मात्र बोहदान म्हणून, कारण युक्रेनी आणि चेक उच्चारात ‘ग’चा ‘ह’ होतो.

रुमानियाची भाषा लॅटिन कुळातली, तरीही हे नाव तेथे रुजले. चौदाव्या शतकात मोल्दाव्हियाचे स्वतंत्र राज्य उभारणाऱ्या राजाचे नाव बोगदान. आणि पुढे उस्मानी तुर्कांच्या दप्तरात तो मुलूखच ‘बोगदान’ म्हणून नोंदला गेला.