मंगळसूत्र वाढतं तेव्हा…

मंगळसूत्र ‘तुटलं’ असं आपण म्हणत नाही, ‘वाढलं’ म्हणतो. आणि ते वाढलं की मनात पाल चुकचुकतेच! पण मैत्रिणींनो, अशा वेळी आधी मणी हातात घेऊन नीट पाहा. भोकाची कड बोचरी असेल, तर तिनेच रोज थोडा थोडा दोरा कापलेला असतो. कुठेही न आपटता मणी दुभंगला असेल, तर तो बहुधा भट्टीतच बिघडलेला असतो. यात अपशकुन कसला? हा काचकामातला दोष!

पोतीचे बारीक काळे मणी काचेची पोकळ नळी ओढून, तिचे तुकडे करून आणि ते पुन्हा तापवून करतात. या दुसऱ्या तापवण्यातच कडा गुळगुळीत होतात. मोठे रंगीत मणी मात्र विजेच्या छोट्या भट्टीतही होतात. काचेचे दोन सारखे तुकडे कापायचे. भट्टीच्या फरशीला काच चिकटू नये म्हणून लेप दिलेला असतो. तिच्यावर एक तुकडा, त्यावर उष्णता सोसणाऱ्या खास कागदाची अरुंद पट्टी आणि वर दुसरा तुकडा. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला काच पाकासारखी मऊ होते, दोन्ही तुकडे एकजीव होतात आणि कडा आपोआप गोलावतात. निवल्यावर कागद ओला करूनच टोकरावा, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये. कागद निघाला की भोक तयार!

खरी परीक्षा निवण्याची. गरम बरणीवर गार पाणी पडलं की ती तडकते, हे तुम्हांला सांगायला नकोच. बाहेरची काच आधी आकसते, आतली मागे राहते आणि ताण बसतो. म्हणून भट्टी ५०० अंशांच्या आसपास काही वेळ थोपवतात, मग सावकाश निवू देतात. घाईने काढलेला मणी त्या दिवशी सुरेख दिसतो आणि पुढे कधीतरी अचानक तडकतो. बाटलीची आणि खिडकीची काचही एकत्र करू नये. दोन्ही सारख्या आकसतीलच असं नाही.

घरच्या ओव्हनमध्ये हे होणार नाही. तो जेमतेम अडीचशे अंशांपर्यंत जातो. गॅसवर तर प्रयोग नकोच! भट्टी एकटीला महाग पडते, पण चौघींनी भिशी लावली तर? आपल्या पुण्याजवळच तळेगाव दाभाड्याला १९०८ साली काचकारखाना उभा राहिला, तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून तो फंड जमवला होता. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या काळी पैशापैशाने कारखाना झाला, तर भिशीतून एक छोटी भट्टी का होऊ नये?

तोवर तुळशीबागेत मणी घेताना एवढं करा. भोकातून सुती दोरा ओवून दोन-चारदा मागेपुढे ओढा. दोऱ्याला तूस सुटलं, तर तो मणी परत ठेवा. घरी मणी कोमट साबणपाण्याने धुवा, उकळतं पाणी नको. आणि दोरा विरण्याची वाट न पाहता पोत वेळेवर नव्याने ओवून घ्या.