जमिनीखालचं गार घर

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या गावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तरीही इथली अनेक कुटुंबं एसीविना सुखात राहतात, कारण त्यांची घरं जमिनीखाली आहेत. १९१५ मध्ये इथे ओपल हे रत्न सापडलं आणि खाणकामगारांची रीघ लागली. लाकडाची वानवा आणि उन्हाचा तडाखा असा दुहेरी प्रश्न होता. तेव्हा त्यांनी टेकड्यांच्या पोटात खोदलेल्या पोकळ्यांतच बिऱ्हाडं थाटली.

या घरांचं तापमान वर्षभर २३ ते २५ अंशांच्या आसपास राहतं. खडकातून उष्णता फार सावकाश झिरपते. दिवसाची उष्णता खोलवर पोचण्याआधीच रात्र होते आणि वरचा थर पुन्हा थंड होतो. त्यामुळे दिवस-रात्रीतला चढउतार पहिल्या मीटरभरातच विरतो. ऋतूंचा परिणाम त्याहून खोल जातो, पण काही मीटरांनंतर तोही क्षीण होतो. त्याखालचा खडक वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ स्थिर राहतो. हवा खेळती राहावी म्हणून छतातून वरपर्यंत उभे झरोके काढलेले असतात.

इथला वालुकाश्म खोदायला सोपा, तरीही छत पेलण्याइतका मजबूत आहे. पाऊसही अत्यल्प, त्यामुळे भिंतींना ओल येत नाही. हे गुण जिथे एकत्र नाहीत, तिथे अशी घरं टिकणार नाहीत. म्हणून त्यांची नक्कल न करता त्यामागचा विचार घ्यावा. आपली हवा आणि आपली माती ओळखून घर बांधलं, तर उकाडाही कमी होतो आणि विजेचं बिलही.