परदेशी जाताना प्लग कोणता, विजेचा दाब किती?

नगर, भिंगार, संगमनेर, श्रीरामपूर येथून आमचे अनेक बांधव परदेशी जातात. कोणी दुबईला मालासाठी, कोणी ओमान-कतारला शिंपीकाम वा सुतारकामासाठी, तर कोणी हज-उमऱ्याला. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची चौकशी सारेच करतात. प्लगची चौकशी मात्र मुक्कामी पोहोचल्यावर सुरू होते.

आमच्या परिचयाच्या एका शिंपी बंधूंनी काही वर्षांपूर्वी जेद्दाहून शिवणयंत्राची मोटर आणली. आपल्या बोर्डात तिची पिन बसेना, म्हणून कापडबाजारातून अडॅप्टर घेऊन लावली. थोड्याच वेळात धूर निघाला. मोटरवर १२७ व्होल्ट लिहिले होते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. "अडॅप्टर तर लावला होता!" असे ते सांगत राहिले. पण अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, दाब कमी-जास्त करीत नाही. ते काम ट्रान्सफॉर्मरचे.

आपला गोल तीन पिनांचा प्लग मूळचा इंग्रजांचा. त्यांनी स्वतः १९४७ साली तो सोडून चपट्या तीन पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग स्वीकारला. आपल्याकडे गोल पिनाच राहिल्या. दुबई, ओमान, कतार, कुवेत, बहरीन येथे हाच चपटा इंग्रजी प्लग चालतो. तेथील दाब २२० ते २४० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखाच. तेथे नुसता अडॅप्टर पुरतो. मालासाठी चीनला जाणाऱ्यांनाही दाबाची अडचण नाही, २२० व्होल्टच आहे. पिना मात्र वेगळ्या.

सौदीची गोष्ट निराळी. तेथे घरोघरी १२७ व्होल्ट होते. २०१० साली सरकारने २३० व्होल्टवर जाण्याचे ठरवले, पण हा बदल टप्प्याटप्प्याने करायचा होता. म्हणून जुन्या इमारतीत उतरल्यास आधी विचारावे, मगच पिन लावावी. शिवाय तेथे ६० हर्ट्झ आहे. मोबाईलच्या चार्जरवर बहुधा '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे छापलेले असते. त्याला कोठेही भीती नाही.

कारागिरांची हत्यारे तशी नसतात. आपली २३० व्होल्टची इस्त्री १२७ वर लावली तर तिसरा हिस्साही उष्णता देत नाही. तिकडची १२७ ची इस्त्री इकडे लावली तर तिपटीहून अधिक तापते आणि जळते. शिवणयंत्राच्या साध्या मोटरला हर्ट्झचाही फरक पडतो: ६० हर्ट्झची मोटर ५० वर हळू फिरते आणि गरम होते, आणि यावर ट्रान्सफॉर्मरचा उपाय नाही. कार्बन ब्रशच्या ड्रिल मशीनला मात्र हर्ट्झची फारशी अडचण नसते, दाब जुळला म्हणजे झाले.

ट्रान्सफॉर्मर घ्यायचाच तर यंत्राच्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा घ्यावा. हजार वॅटच्या इस्त्रीसाठी तो काही किलो वजनाचा होतो. आमच्या मते इतके ओझे नेण्यापेक्षा इस्त्री तेथेच विकत घेतलेली बरी.

अडॅप्टर घेताना आपली पिन त्यात घट्ट बसते का, ते दुकानातच पाहावे. पुष्कळसे अडॅप्टर ६ अँपिअरच्या लहान पिनेचे असतात. १६ अँपिअरची जाड पिन त्यात जात नाही. धातूच्या अंगाच्या इस्त्रीला किंवा यंत्राला दोन पिनांचा अडॅप्टर लावू नये, अर्थिंग तुटते. इंग्रजी बोर्डाच्या वरच्या भोकात पेन खुपसून झडप उघडायची आणि आपली दोन पिनांची वायर घुसवायची, ही युक्ती मजुरांच्या खोल्यांत सर्रास चालते. पिन ढिली बसते, ठिणग्या उडतात.

कुटुंबाने जात असाल तर प्रत्येकाला अडॅप्टर नको. एक चांगला अडॅप्टर आणि आपला एक्स्टेन्शन बोर्ड पुरे. त्यावर चार्जर लावावेत, किटली किंवा इस्त्री नको.

तिकडून आणलेल्या यंत्राला येथे आपला प्लग बसवताना तारांचे रंग पाहावेत. बहुधा तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, काळी, हिरवी असते. रंग निराळे दिसले, तर अंदाजाने न जोडता वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्यावे.