डब्याची भिंत पोलादाचीच हवी

लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातल्या वंदे भारत शयनयानाची चर्चा वेग, भाडे आणि गाद्यांपुरतीच होते. खरा प्रश्न भिंतीचा आहे आणि त्याची पाळेमुळे लखनौत आहेत. तिथल्या मानकनगरातली 'आरडीएसओ' ही संस्था 1957 पासून रेल्वेच्या डब्यांचे निकष ठरवते.

पेरांबूरच्या कारखान्याने 1955 ते 2018 या काळात जे निळे-लाल डबे दिले, त्यांतल्या नंतरच्या डब्यांची भिंत कॉर्टेन पोलादाची. या पोलादावर गंजाचा जो घट्ट थर बसतो, तोच पुढचा गंज रोखतो. अट एकच, पत्रा अधूनमधून वाळला पाहिजे. शौचालयाशेजारी आणि खिडकीखाली तो वाळतच नाही. शटरच्या फटीतून झिरपलेले पाणी भिंतीच्या तळाशी साचते. बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि आतून पत्रा सडत जातो. म्हणून वर्कशॉपमध्ये टोकदार हातोडीने पत्रा ठोकून पाहतात. हातोडी आत गेली की तेवढा भाग कापायचा आणि नवा पत्रा वेल्ड करायचा.

2000 साली जर्मनीहून एलएचबी डबे आले, ते स्टेनलेस स्टीलचे. भिंतीची जाडी जेमतेम 2 मिलिमीटर, पण क्रोमियममुळे पृष्ठभागावर येणारा पापुद्रा ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. डब्याचे ठरीव आयुष्य 25 वर्षांवरून 35 वर गेले, ते याच बळावर.

मग ॲल्युमिनियम का नको? पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचेच आहेत, लखनौ मेट्रोचे मात्र स्टेनलेस स्टीलचे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीत हलक्या डब्यामुळे वीज वाचते, तिथे ते शोभते. लांब पल्ल्याच्या गाडीला मात्र गुरे धडकतात, दगड लागतात. पोकळ ॲल्युमिनियम पट्ट्यांची भिंत चेपली की साध्या ठोकपिटीने सरळ होत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचा धातू मऊ पडतो, शिवाय त्यासाठी वेगळे कारागीर लागतात. 100 ॲल्युमिनियम वंदे भारत गाड्यांची निविदा रेल्वेने 2024 मध्ये रद्द केली. आपल्या डेपोंचा विचार करता ते योग्यच झाले.

पण चांगला धातू निवडला म्हणजे काम संपले, असे नाही. पाण्याचा निचरा आणि शौचालयाच्या फरशीचे सांधे नीट नसतील, तर पोलादही हरते. लातूरच्या 1,920 डब्यांच्या कंत्राटात 35 वर्षांची देखभाल आहे. गंजाच्या तपासणीचे अहवाल रेल्वेने दरवर्षी जाहीर करावेत, ही मागणी आपण प्रवाशांनी आत्ताच लावून धरायला हवी.