केशराला बी नसतं



'केशर लावा, लाखो कमवा' असे व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरत असतात. कुणी बियाण्याची पुडी विकतं, कुणी 'अमेरिकन केशर' म्हणून रोपं देतं, कुणी खोलीत रॅक लावून केशर पिकवायचं ट्रेनिंग विकतं. गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी म्हणून हा विषय आज ना उद्या येणारच. म्हणून या वेळी केशराची वनस्पती नेमकी कशी असते ते समजून घेऊ. ती कळली की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

केशर हे झाड नाही, झुडूपही नाही. जमिनीत कंद आणि वर वीतभर उंचीची गवतासारखी बारीक पानं, एवढाच त्याचा पसारा. पानाच्या मधोमध पांढरी रेघ असते. शास्त्रात या वंशाला क्रोकस म्हणतात. त्यात शंभराहून जास्त जाती आहेत, पण मसाल्याचं केशर देणारी एकच: क्रोकस सॅटायव्हस. बाकीच्या बऱ्याचशा युरोप-तुर्कस्तानाकडच्या डोंगरांवर उगवतात किंवा बागेत शोभेला लावतात.

याचं कुळ आयरिस फुलाचं. त्या कुळातलं आपल्या ओळखीचं फूल म्हणजे लग्नाच्या स्टेजवर दांड्यांनी लावतात तो ग्लॅडिओलस. पुढच्या वेळी त्याचं एक फूल उघडून बघा. सहा पाकळ्या दिसतील, पण पुंकेसर तीनच. लिलीचं फूल दिसायला तसंच असतं, तिच्यात पुंकेसर सहा. क्रोकसमध्येही ग्लॅडिओलससारखे तीनच असतात.

आता एक गंमत. आपण ज्याला केशर म्हणतो, ते हे पुंकेसर नव्हेत. पुंकेसर पिवळे असतात, ते बाजूला काढतात. लाल काड्या म्हणजे स्त्रीकेसराचं टोक, ज्याला कुक्षी म्हणतात. एका फुलात तीन काड्या, बस्स. एक ग्रॅम वाळलेल्या केशरासाठी साधारण दीडशे फुलं लागतात. म्हणजे 100 ग्रॅमसाठी पंधरा हजार फुलं, एकेक हाताने खुडलेली आणि एकेक उघडून निवडलेली. केशर महाग का, याचं उत्तर या कष्टात आहे. आणि हे कष्ट फार पूर्वीपासून बायकांच्या वाट्याला आलेत, असं दिसतं: ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं भित्तिचित्र सापडलं आहे, त्यात केशराची फुलं वेचणाऱ्या बायका आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. केशराला बी येत नाही. कमी येतं असं नाही, येतच नाही. बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. केशरात तीन आहेत, आठ-आठचे, एकूण 24. बी धरायच्या आधी या संचांचे दोन सारखे वाटे पडावे लागतात. तीन भाकरी न मोडता दोघींत सारख्या वाटून बघा, तशी अडचण होते. खायच्या केळीचंही हेच आहे. तिच्यातही तीन संच, म्हणून केळात बी नाही आणि आपण मुनवे लावतो. केशराचे तसे कंद लावतात. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं की ही जात ग्रीसमध्ये अथेन्सच्या आसपास उगवणाऱ्या एका रानटी क्रोकसपासून आली. त्या रानटी जातीला बी येतं, शोभेच्या क्रोकसलाही येतं. केशराला नाही. म्हणजे जगात जिथे जिथे केशर गेलं, तिथे माणसाने कंद हातात धरून नेलं म्हणून गेलं.

तेव्हा कुणी केशराचं बियाणं म्हणून पुडी दाखवली, तर ते दुसऱ्याच कशाचं तरी बी आहे. बहुतेक वेळा ती करडई असते. हो, आपली करडई! 'अमेरिकन केशर' हे तिचंच बाजारू नाव. सूर्यफुलाच्या कुळातली, वाळल्यावर पाकळ्या लालसर होणारी. सोलापूर-मराठवाड्यातल्या बायका तिला लांबून ओळखतील, कारण तिचे काटे टोचलेले असतात. पण बिनकाट्याचे वाणही आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तसे काढलेत. त्यामुळे काटा नाही म्हणून करडई नाही, असं समजू नका. करडई चांगलंच पीक आहे, तेल देतं, पाकळ्याही विकल्या जातात. पण तिचं बी केशराच्या भावाने घेणं म्हणजे शुद्ध लूट.

मग खरे कंद आणून लावले तर? त्यासाठी कंदाचं वर्ष समजून घ्यावं लागेल. तो कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसतो, सुरणासारखा आतून भरीव असतो. काश्मीरात पांपोरच्या पठारी शेतांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जांभळी फुलं येतात. मग पानं थंडीभर हिरवी राहून अन्न तयार करतात. त्या अन्नावर जुन्या कंदाच्या डोक्यावर नवे पिल्लू-कंद धरतात आणि जुना सुरकुतून संपतो. म्हणजे केशर बहुवर्षायु आहे, पण कंद दरवर्षी नवा. मे महिन्यात पानं वाळतात आणि कंद झोपी जातो. झोपला तरी आत काम चालू असतं: 23 ते 27 अंश तापमानात पुढच्या फुलाची कळी तिथेच घडते. ती वर यायला मग 17 अंशांच्या आसपास गारवा लागतो.

हे आपल्या हवामानाशी लावून बघा. कंदाला कोरडी झोप हवी असते, नेमका तेव्हा आपल्याकडे धो-धो पाऊस. ओल्या मातीत कंद कुजतो. आणि पानांना लांब, कडक थंडी हवी, ती आपल्याकडे थोड्या दिवसांचीच. म्हणून आपल्या उघड्या शेतात हे पीक बसत नाही.

खोलीतलं केशर मात्र खोटं नाही. पुण्यासारख्या ठिकाणी लोकांनी गार खोलीत ते फुलवलं आहे. कंदात शिदोरी भरलेली असते, म्हणून ट्रेमध्ये मातीशिवायही फूल येतं. व्हिडिओत दाखवतात ते हेच. दाखवत नाहीत ते पुढचं. फूल खुडल्यावर कंद मातीत लावावे लागतात, थंडी-उजेड द्यावा लागतो, तरच जाडजूड पिल्लं धरतात. आठ ग्रॅमपेक्षा लहान कंदाला फूल क्वचितच येतं. पिल्लं बारीक राहिली, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा कंद विकत घ्या! म्हणून ट्रेनिंग देणाऱ्याला पहिल्या वर्षाचे फोटो मागू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच कंदांच्या पिल्लांना किती फुलं आली ते विचारा, आणि खोली गार ठेवायचं वीजबिल दाखवायला सांगा. कर्जाचा ठराव त्यानंतर. कृषी विज्ञान केंद्रातही एकदा विचारून घ्यावं.

ज्या गटांचे मसाले किंवा श्रीखंड-मिठाई विकायला जातात, त्यांना केशर विकत घ्यावंच लागतं. त्यांनी चार काड्या कोमट पाण्यात टाकून पाहाव्यात. खरी काडी हळूहळू पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. रंगवलेली असेल तर पाणी लगेच लाल होतं आणि काडी फिकी पडते. मग ती भिजलेली काडी नखावर पसरा. खऱ्या केशराचं एक टोक तुतारीसारखं रुंद आणि कडेला किंचित कातरलेलं असतं. मक्याच्या कणसाचे रंगवलेले केस दोन्हीकडे सारखेच बारीक असतात. आणि करडईची पाकळी असेल तर टोकाशी पाच बारीक फाटे सुटलेले दिसतात.