पाव मैल आणि सोळा वळणे

महागड्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला आपल्या गाडीचा पूर्ण वेग कायदेशीरपणे अनुभवायचा असेल, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली ड्रॅग रेसिंगची, ज्यात गाडी उभ्या स्थितीतून सुटते आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे 402 मीटरचे सरळ अंतर शक्य तितक्या कमी वेळात कापते. दुसरी सर्किट ड्रायव्हिंगची, ज्यात डावी-उजवी वळणे, चढउतार आणि लहानमोठे सरळ टप्पे असलेल्या बंदिस्त ट्रॅकवर एकामागून एक फेऱ्या मारायच्या असतात आणि प्रत्येक फेरीची वेळ मोजली जाते. गाडी तीच असली, तरी या दोन प्रकारांत तिच्याकडून आणि चालकाकडून होणाऱ्या मागण्या इतक्या वेगळ्या आहेत की एकीकडचा विजेता दुसरीकडे मागे पडणे हे नवलाचे राहत नाही. महाराष्ट्राला हा भेद बैलांच्या शर्यतींतून आधीपासून परिचित आहे. पुणे जिल्ह्यातील घाटांत काही सेकंदांत संपणारी सरळ धाव आणि दक्षिण महाराष्ट्रातील लांब पल्ल्याची, ठरल्या जागी वळून परत येण्याची शर्यत यांसाठी लागणारी बैलजोडी आणि तिचा सराव एकसारखा नसतो, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या शौकिनांना वेगळे सांगावे लागत नाही.

मोटारींच्या बाबतीत कोल्हापूरचे नाते आणखी जवळचे आहे. राजघराण्याची जुनी मेबॅक दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला आजही दसरा चौकात येते, आणि वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या कारागीर उद्योजकांच्या पिढीपासून शिवाजी उद्यमनगरात, पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत, इंजिने आणि त्यांचे ओतीव भाग घडत आले आहेत. त्यातच मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक येथे उभा राहिला आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापुरात होऊ लागल्या. कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्री मालिकेपर्यंत पोहोचले, तर ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या देशांतर्गत शर्यतमालिकेत उतरले, आणि ही दोन्ही नावे वळणांच्या ट्रॅकवरची आहेत. या शहराने मोटारस्पर्धेत जी ओळख मिळवली ती सरळ धावेतून मिळालेली नाही, आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

ड्रॅग रेसिंगचा उगम अमेरिकेचा. कॅलिफोर्नियातील कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळांवर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रिकाम्या झालेल्या धावपट्ट्यांवर तरुण मंडळी सुधारलेल्या गाड्या पळवीत असत. या प्रकाराला नियम आणि सुरक्षेची चौकट मिळावी म्हणून वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. भारतातही या खेळाने धावपट्टीचाच आसरा घेतला असून पुणे जिल्ह्यातील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने भरलेल्या स्पर्धांत घरगुती हॅचबॅकपासून लॅम्बोर्गिनीपर्यंतच्या गाड्या पाव मैल धावल्या आहेत. विमानतळाची पट्टी सपाट, रुंद आणि लांब असते, आणि शेवटच्या रेषेनंतर थांबायला पुरेशी जागा उरते, हे या निवडीमागचे साधे कारण आहे.

सरळ रेषेत गाडी पळवायला काय लागते, असा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो, परंतु या प्रकाराचे बारकावे समजल्यावर तो टिकत नाही. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशकिरणांचे संवेदक बसवलेले असतात आणि समोरच्या खांबावर वरून खाली पिवळे, हिरवे व लाल दिवे असतात, ज्याला त्याच्या आकारामुळे ख्रिसमस ट्री म्हणतात. एका पद्धतीत पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागत जातात आणि मग हिरवा लागतो. हिरव्याच्या आधी गाडी हलली तर लाल दिवा लागून चालक बाद होतो. गाडीची धाववेळ मात्र हिरव्या दिव्यापासून मोजली जात नाही, ती गाडीचे चाक किरणातून बाहेर पडल्या क्षणापासून सुरू होते. म्हणून कागदावर कमी धाववेळ असलेली गाडीही, चालकाने दिव्याला उशिरा प्रतिसाद दिला तर, हळू गाडीकडून हरू शकते. सारा निकाल दहा-बारा सेकंदांत लागतो आणि चूक दुरुस्त करायला पुढची फेरी मिळत नाही. या शिस्तीचे महत्त्व कमी लेखणे अन्यायाचे होईल.

येथे टायरच्या पकडीचा प्रश्न मध्यवर्ती ठरतो. इंजिन कितीही ताकदवान असले, तरी ती ताकद रस्त्यापर्यंत पोहोचते ती चार टायरांच्या हाताच्या पंजाएवढ्या भागांतून. रस्त्यावरच्या चांगल्या टायरची पकड साधारणपणे गाडीच्या वजनाएवढा जोर पेलते असे धरले, तर सारी चाके ओढणारी गाडी गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढ्या, म्हणजे एक ‘जी’ त्वरणाने वेग घेईल आणि शून्यापासून ताशी 100 किलोमीटरपर्यंत जायला तिला सुमारे 2.8 सेकंद लागतील. आजच्या महागड्या स्पोर्ट्स कार या आकड्याच्या आसपास येऊन पोहोचल्या आहेत. याचा अर्थ असा की सुरुवातीच्या टप्प्यात आणखी अश्वशक्ती वाढवून फारसे काही साधत नाही, चाके फक्त जागेवर फिरतात; वाढीव ताकदीचा फायदा पुढे, वेग चढल्यावर आणि हवेचा विरोध वाढल्यावर दिसतो. लोक ज्याला गाडीचे ‘पिकअप’ म्हणतात, त्याची सुरुवातीची मर्यादा अशा रीतीने इंजिनाइतकीच टायरने आखलेली असते. सुटताना गाडीचा भार मागच्या चाकांवर झुकत असल्याने मागून ओढणाऱ्या गाड्यांना पकड मिळते, आणि ड्रॅगच्या गाड्या आधी जागेवरच चाके फिरवून टायर तापवतात, कारण तापलेले रबर रस्त्याला अधिक चिकटते. अमेरिकेतील टॉप फ्युएल वर्गातील गाड्यांनी तर वेगाची अशी सीमा गाठली की 2008 मधील एका प्राणघातक अपघातानंतर त्यांचे अंतर 1,320 फुटांवरून 1,000 फुटांवर आणावे लागले. ते अंतर या गाड्या चार सेकंदांहून कमी वेळात कापतात आणि थांबण्यासाठी पॅराशूट उघडतात.

सर्किटवर गणित बदलते, कारण तेथे टायरला एकाच वेळी दोन दिशांना काम करावे लागते. टायरची एकूण पकड ठरावीक असते. तिचा काही भाग ब्रेक लावण्यात किंवा वेग वाढवण्यात खर्च झाला, तर वळण्यासाठी तेवढी कमी उरते. अभियंते ही कल्पना घर्षणवर्तुळ म्हणून मांडतात, म्हणजे असे वर्तुळ ज्याच्या बाहेर पकडीची कोणतीही मागणी पुरी होत नाही. वळणातला वेगही याच मर्यादेने बांधलेला असतो. पकड एक ‘जी’ मानली, तर 50 मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ताशी सुमारे 80 किलोमीटरपर्यंतच टिकते आणि 100 मीटर त्रिज्येच्या वळणात सुमारे 113 पर्यंत. वेग दुप्पट करायचा असेल तर बाजूचा जोर चौपट लागतो, म्हणून वळणात किंचित जास्त वेगाने शिरण्याची किंमत चालकाच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघते. वळणाची त्रिज्या वाढवण्याचा उपाय चालकाच्या हाती असतो. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेने यावे, आतल्या बिंदूला, म्हणजे एपेक्सला, स्पर्श करावा आणि पुन्हा बाहेरच्या कडेला सुटावे, या रेषेने तेच वळण अधिक मोकळे होते. एपेक्स थोडा उशिरा गाठला तर पुढच्या सरळ टप्प्यावर अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबता येतो, आणि फेरीची वेळ बहुधा तेथेच कमी होते.

पुढची चाके पकड सोडून गाडी वळणाबाहेर सरकू लागली तर तिला अंडरस्टिअर म्हणतात; मागची चाके निसटून गाडीची शेपटी बाहेर आली तर तिला ओव्हरस्टिअर. पहिल्यात चालकाने घाबरून स्टेअरिंग आणखी वळवले तर परिस्थिती बिघडते, आणि दुसऱ्यात त्याने एकाएकी अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर भार पुढे झुकून मागची चाके अधिकच हलकी होतात. सर्किटवरचे शिक्षण बऱ्याच अंशी या सहज प्रतिक्रिया आवरण्याचे शिक्षण असते.

सर्किटवर खरी कसोटी उष्णतेची लागते, आणि ओतशाळांच्या कोल्हापूरला ही बाजू विशेष जवळची आहे. सुमारे 1,650 किलो वजनाची गाडी ताशी 200 वरून 80 किलोमीटरवर आणताना सुमारे 21 लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते, आणि तेवढी उष्णता जवळजवळ सात लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पुरेशी असते. हे काही सेकंदांत घडते, आणि एकाच फेरीत पुन्हा पुन्हा घडते. बहुतेक गाड्यांच्या ब्रेक डिस्क बीडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या असतात, कारण त्यातील ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या उष्णता लवकर वाहून नेतात आणि कंपने शोषतात. तरीही उष्णता लायनरमधून कॅलिपरकडे आणि तेथून ब्रेक ऑइलकडे जाते. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, मात्र हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. कोल्हापूरसारख्या पावसाच्या भागात जुने ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्या मालकाने हा धोका गांभीर्याने घ्यायला हवा. ड्रॅगमध्ये गाडी शेवटी एकदाच थांबते, त्यामुळे तेथे ही अडचण बहुधा उघडी पडत नाही.

दोन प्रकारांतील फरक एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत स्पष्ट दिसतो. पोर्शेची 2020 मध्ये आलेली 911 टर्बो एस ही 650 अश्वशक्तीची, चारही चाके ओढणारी गाडी कंपनीच्या दाव्यानुसार ताशी 100 चा वेग 2.7 सेकंदांत घेते. 2021 मधील 911 जीटी3 ला 510 अश्वशक्तीचे, टर्बो नसलेले इंजिन आणि फक्त मागची चाके ओढण्याची व्यवस्था आहे, आणि तिला याच कामाला 3.4 सेकंद लागतात. पाव मैलावर टर्बो एसच पुढे राहते. मात्र जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या फेरीत जीटी3 ने सात मिनिटांच्या आतली वेळ नोंदवली आणि टर्बो एसला मागे टाकले, कारण ती सुमारे 200 किलोने हलकी आहे, तिची पुढची सस्पेन्शन रचना शर्यतीच्या गाडीवरून घेतलेली आहे आणि मोठ्या पंखामुळे हवेचा दाब तिला रस्त्यावर दाबून धरतो. विक्रेत्यांच्या जाहिरातींत आणि खरेदीदारांच्या बोलण्यात मात्र शून्य ते शंभरचा आकडाच पहिला येतो. चालकाच्या कौशल्याबद्दल तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण आजच्या गाडीतील लाँच कंट्रोल, म्हणजे सुटताना इंजिनाचा वेग आणि चाकांची घसरण स्वतः सांभाळणारी यंत्रणा, ते काम बटण दाबल्यावर करून देते.

कोल्हापूरची कार्टिंगची परंपरा याच कारणाने मोलाची आहे. कार्टला सस्पेन्शन नसते आणि डिफरन्शियलही नसते. मागची दोन्ही चाके एकाच ताठ आसाला जोडलेली असल्याने वळणात आतले मागचे चाक किंचित उचलले गेले नाही तर कार्ट वळायला अडते, आणि ते उचलले जाईल असा भार टाकणे हे चालकाला ब्रेक आणि स्टेअरिंगच्या मदतीने शिकावे लागते. भार कोठे जातो, पकड कधी सुटते, रेषा चुकली तर किती वेळ गेला, या साऱ्या गोष्टी कार्ट अंगाला थेट जाणवून देते. आयर्टन सेना, मायकेल शुमाकर आणि मॅक्स व्हर्स्टापेन या तिघांचीही सुरुवात कार्टमधूनच झाली. कोटीच्या घरातील गाडी घेणाऱ्याने आधी काही महिने कार्ट चालवावी, हा सल्ला म्हणून अगदी व्यवहार्य आहे.

रस्ता हा या दोन्ही प्रकारांना पर्याय होऊ शकत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरचा सरळ टप्पा धावपट्टीसारखा दिसत असला, तरी त्याच्या कडेने उसाचे ट्रॅक्टर, दुचाक्या आणि पायी जाणारी माणसे असतात. गगनबावडा किंवा आंबोलीच्या घाटातील वळणे कितीही मोहक असली, तरी तेथे समोरून वाहन येते आणि चुकलेल्या गाडीला थांबायला मोकळी जागा नसते. सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय वेगाची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा असून 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जीव जाण्याच्या धोक्यापुढे हा दंड फारच किरकोळ आहे.

सर्किटसाठी कोल्हापूरच्या मालकाला दूर जावे लागते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे 1990 पासून 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला लहान कारी स्पीडवे आहे, आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट 5.125 किलोमीटरचे, 16 वळणांचे आहे, जेथे 2011 ते 2013 या तिन्ही वर्षी फॉर्म्युला वन शर्यत सेबास्टियन व्हेटेलने जिंकली. ट्रॅकच्या दिवसाला जाण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलावे, लायनरची जाडी पाहावी आणि टायरची हवा थंड असताना नोंदवून ठेवावी, कारण फेऱ्यांनंतर तापलेल्या टायरमधला दाब वाढतो. काही वेगवान फेऱ्या झाल्यावर एक फेरी ब्रेकला शक्यतो हात न लावता सावकाश काढावी, म्हणजे वाहत्या हवेने डिस्क निवतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये, कारण तापलेल्या डिस्कला लायनर एकाच जागी टेकून राहिले तर पेडलला पुढे थरथर येऊ शकते. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावला म्हणजे पुरते.