प्रतिकूल ऋतू आणि पाण्यातील नौका : उत्तरेचा हिवाळा व कोकणचा पावसाळा

प्रस्तावना

नौका पाण्यासाठीच बांधली जाते. तरीही वर्षातील काही महिने तिला पाण्याबाहेर काढून ठेवण्याची प्रथा जगातील अनेक किनाऱ्यांवर आढळते. युरोप व उत्तर अमेरिकेच्या शीतप्रदेशात हा काळ हिवाळ्याचा असतो, तर कोकणात तो पावसाळ्याचा असतो. ऋतू भिन्न असले तरी नौकामालकापुढील प्रश्न एकच असतो : नौका किनाऱ्यावर ओढावी की पाण्यातच नांगरून ठेवावी? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समजावून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. पाण्यात ठेवलेल्या नौकेचे भवितव्य ऋतूइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, देखरेखीवर अवलंबून असते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हिवाळा आणि गोठणारे पाणी

गोड्या पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानास सर्वाधिक असते. त्यामुळे थंडीत तलावाचे ४ अंशांचे जड पाणी तळाशी जाते, त्याहून थंड पाणी वर राहते आणि बर्फ पृष्ठभागावर धरतो. तळाशी नळी सोडून तिच्यातून हवेचे बुडबुडे सोडल्यास खालचे तुलनेने उबदार पाणी वर येते व नौकेभोवती बर्फ धरत नाही. शीतप्रदेशातील अनेक धक्क्यांवर हीच युक्ती वापरली जाते. समुद्राचे खारे पाणी मात्र उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते आणि गोठेपर्यंत त्याची घनता वाढतच जाते. त्यामुळे तेथे तळाशी उबदार पाण्याचा साठा मिळेलच असे नाही.

तथापि खरा धोका बहुधा बाहेरच्या बर्फापेक्षा नौकेच्या आतील पाण्यापासून संभवतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्यांमध्ये थोडे पाणी राहिले तरी धातू तडकतो. म्हणून हे पाणी काढून टाकणे किंवा त्या जागी न गोठणारे द्रावण भरणे आवश्यक ठरते. तळातून पाणी आत घेणाऱ्या नळ्यांच्या झडपाही बंद कराव्या लागतात. दुसरा धोका साचलेल्या हिमाचा होय. त्याच्या भाराने नौका खाली दबते, एरवी पाण्याच्या वर असणारी छिद्रे पाण्याखाली जातात आणि कोणत्याही वादळाविना नौका धक्क्यालाच बुडू शकते. आतील पाणी उपसणारा पंप बॅटरीवर चालतो आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते, हेही लक्षात घ्यावे लागते.

मग नौका पाण्यात ठेवायचीच कशाला? याचे उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. पाण्यातील फळी ओलावा शोषून फुगते व सांधे घट्ट होतात. कोरड्या हवेत तीच फळी आकसते आणि सांध्यांत फटी पडतात. शिवाय पाणी नौकेला तळभर आधार देते, तर जमिनीवर तिचा सारा भार मोजक्या टेकूंवर येतो. इंग्लंडमधील ‘व्हिक्टरी’ हे ऐतिहासिक जहाज १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे. अनेक दशकांत तिचा सांगाडा स्वतःच्या भाराने झुकत गेल्याने अलीकडे तिच्यासाठी नवी आधारव्यवस्था उभारावी लागली. याउलट, वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले व १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडच्या हार्टलपूल येथे जतन केले असून ते आजही पाण्यावर तरंगते आहे.

कोकणचा पावसाळा

कोकणात बर्फाचा प्रश्न नाही. मात्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. या सुमारास लहान होड्या किनाऱ्यावर ओढून त्या शाकारण्याची लगबग गावोगावी दिसते. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून नवा हंगाम सुरू करण्याची परंपरा आहे. मोठ्या नौका ओढून वर घेणे अवघड व खर्चाचे असल्याने त्या मात्र खाडीत किंवा बंदरातच नांगरून ठेवल्या जातात. शीतप्रदेशातील ‘हिवाळाभर पाण्यात’ राहणाऱ्या नौकांचे हे कोकणी रूप म्हणता येईल.

पावसाळ्यातील खाडी नौकेला एक अनपेक्षित लाभ देते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक मृदुकाय प्राणी असतो. त्याची अळी बारीक छिद्रातून लाकडात शिरते आणि आतल्या आत वाढते. त्यामुळे फळी बाहेरून धड दिसली तरी आतून पोकळ झालेली असते. पुराच्या पाण्याने खाडीचा खारेपणा उतरला की या प्राण्याचा उपद्रव कमी होतो. परंतु पावसाचे गोडे पाणी नौकेच्या आत साचल्यास लाकूड कुजविणारी बुरशी वाढते. खारे पाणी या बुरशीला बऱ्याच अंशी रोखते. म्हणजेच बाहेरून जे गोडे पाणी हितकारक, तेच आत साचले की घातक ठरते. म्हणूनच शाकारताना आच्छादनाला उतार देणे, आत वारा खेळता ठेवणे आणि साचलेले पाणी नित्य उपसणे या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात.

नांगरण्याच्या बाबतीत दोरखंडाची लांबी निर्णायक ठरते. उधाणाच्या भरतीला नौका जितकी वर उचलली जाईल तितकी ढील दोराला हवी; परंतु शेजारच्या नौकेवर आदळण्याइतकी ती असता कामा नये. दोर जेथे घासतो तेथे गुंडाळी घालून ती वारंवार तपासावी लागते. मे २०२१ मधील तौक्ते वादळात देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका भरकटल्या आणि खलाशांचे प्राण गेले. ही दुर्घटना मासेमारी बंदीचा काळ सुरू होण्यापूर्वीच घडली. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले ते ३ जून २०२० रोजी, म्हणजे जूनच्या अगदी सुरुवातीलाच. प्रतिकूल ऋतू पंचांगाप्रमाणेच येईल, हे गृहीत धरणे आता धोक्याचे झाले आहे.

मराठा आरमाराचा दाखला

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण असून पावसाळ्यातील आरमाराच्या छावणीचा विचार त्यात केलेला आहे. समुद्र खवळण्यापूर्वीच गलबते सुरक्षित बंदरात आणावीत, दरवर्षी एकाच ठिकाणी छावणी करू नये आणि रात्री गस्त ठेवावी, असा त्यातील सूचनांचा आशय आहे. विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीलगत मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष आजही दिसतात. भरतीच्या पाण्यावर नौका आत घेऊन ओहोटीला तिचा तळ उघडा करणे, हे अशा गोदीचे तत्त्व होय. आरमाराची निगा हा केवळ सुताराचा विषय नसून तो प्रशासनाचाही विषय आहे, ही जाणीव या ग्रंथात स्पष्ट दिसते.

पुण्यातील नदी

पुणे समुद्रापासून दूर असले तरी हा प्रश्न शहराला अपरिचित नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला व त्यामागे स्थिर पाणी लाभले. १८६८ मध्ये स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब आणि १९२८ मध्ये सुरू झालेला अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब यांनी येथे नौकानयनाची परंपरा रुजविली. शर्यतीच्या नौका अरुंद व नाजूक असल्याने सरावानंतर त्या पाण्याबाहेर काढून फळ्यांवर ठेवल्या जातात. पुण्याचा हिवाळा नौकानयनास अनुकूल असतो. तेव्हा अडथळा येतो तो प्रदूषित पाण्यावर फोफावणाऱ्या जलपर्णीचा. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की काठालगतची प्रत्येक नौका वेळीच वर घ्यावी लागते. येथे प्रतिकूल ऋतू काही अंशी मानवनिर्मित आहे, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, लाकडाला कोरडेपणा मारक, धातूला आत गोठणारे पाणी मारक आणि दोहोंनाही दुर्लक्ष मारक ठरते. लहान होडीला किनारा हिताचा आहे; मोठ्या नौकेला राखणीसह सुरक्षित खाडी हिताची आहे. बंदीचा काळ प्रामुख्याने मत्स्यसाठ्याच्या दृष्टीने मोजला जातो. तोच नौकेच्या निगेचाही काळ आहे, हे लक्षात घेऊन बंदरांत सुरक्षित नांगरवाड्या, नियमित गस्त व वादळाची वेळीच सूचना यांची व्यवस्था झाली पाहिजे. नौका हे मच्छीमार कुटुंबाचे भांडवल असते आणि नांगरलेल्या नौकेवरही माणसे असतात. आपल्या विद्यापीठांतील अभियांत्रिकी, प्राणिशास्त्र व इतिहास या विभागांनी शाकारणीचे पारंपरिक ज्ञान एकत्रितपणे नोंदविल्यास ते केवळ संग्रहाची वस्तू न राहता किनाऱ्याच्या उपयोगी पडेल.